हंगामापुरते शेजारी

गोव्याच्या नकाशात अगदी दक्षिणेस, कारवारच्या हद्दीला टेकून, काणकोण तालुका आहे. मडगावहून निघालेली कदंबची बस कुंकळ्ळी, बाळ्ळी मागे टाकून करमल घाटाच्या वळणांवर शिरली, की गोव्याचा गजबजाट पाठीमागे राहतो; आणि चावडीस उतरेपर्यंत आपण गोव्यात आहोत की उत्तर कानडा जिल्ह्यात, असा संभ्रम पडावा इतकी झाडी दाट होत जाते. चावडी हे तालुक्याचे बाजाराचे ठिकाण. तेथून पाळोळ्याचा किनारा जेमतेम दोन-तीन किलोमीटर.

पाळोळ्याचा किनारा अर्धचंद्राकृती आहे असे प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असते, आणि एरवी माहितीपत्रकांवर आमचा फारसा विश्वास नसला, तरी येथे ते खरे आहे. दोन्ही टोकांस काळे खडक, मध्ये दीड-एक किलोमीटर लांबीची पांढुरकी वाळू, पाठीशी माडांची रांग, आणि उत्तरेच्या टोकाला ओहोटीच्या वेळी पाण्यातून चालत गाठता येईल असे एक झाडीने भरलेले बेट. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हा किनारा नाताळाच्या सुमारास पाहिला असेल. बेळगावकरांस तर गोवा म्हणजे अंगणच. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला समुद्रकाठी पोहोचणारी मंडळी आमच्या गल्लीतच चार-सहा निघतील. आम्ही उभयतांनी मात्र तो २०२३ सालच्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाहिला. खोल्या तेव्हा निम्म्या भावाने मिळतात, हे एक कारण. आणि घरी वर्षभराची सोले न्यावयाची होती, हे दुसरे. या दोन सामान्य कारणांमुळे एक असामान्य दृश्य पाहावयास मिळाले. एक अख्खे गाव मोडले जात होते.

'मोडले जात होते' हे शब्द आम्ही अलंकारिक अर्थाने वापरलेले नाहीत. किनाऱ्यालगत माडांच्या सावलीत हंगामात ज्या दोन-दोन, तीन-तीन ओळींच्या लाकडी झोपड्या उभ्या असतात, पायऱ्या, सज्जे, झोपाळे यांसकट, त्या सगळ्या त्या आठवड्यात उतरविल्या जात होत्या. आधी वीज काढली जाई, मग छपरावरच्या झावळ्या खाली येत, मग प्लायवूडच्या भिंती सुट्या करून त्यांवर खडूने आकडे घातले जात, म्हणजे ऑक्टोबरात कोणती भिंत कोणत्या झोपडीची याचा घोळ नको. खांब उपटले की वाळूत खड्डे राहत, ते पायाने बुजविले जात. सगळे सामान ताडपत्रीखाली बांधून मालकाच्या परसात रचून ठेवावयाचे. हे काम करणारे हात ओडिशा, झारखंड, आसाम, नेपाळ आणि आमच्याच कर्नाटकातील विजापूर-बागलकोट-कोप्पळकडचे. ज्यांनी ऑक्टोबरात गाव उभारले, आठ महिने त्यात चहा-नाश्ता पुरविला, चादरी बदलल्या, खरकटी उचलली, तेच ते खाली उतरवीत होते. शेवटची भिंत उतरली की त्यांचेही येथले राहणे संपले.

हे मोडणे केवळ पावसाच्या भयाने होते असे नाही. त्यास कायद्याचाही आधार आहे. किनारपट्टीवरील बांधकामांना आळा घालणारी केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नवे पक्के बांधकाम नको, हा तिचा एक मुख्य दंडक. पुढे ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमे आली, आणि सप्टेंबर ते मे या काळात रूढीने उभारली जाणारी निव्वळ तात्पुरती व हंगामी बांधकामे चालतील असे त्यांत नमूद झाले. म्हणजे झोपडी हंगामी असावी हे सरकारने कागदावर लिहून ठेवले. झोपडीत राबणारा माणूस पावसाळ्यात कोठे असावा, हे त्यात कोठेही लिहिलेले नाही. आणि अधिसूचनेचे ते कामही नव्हे.

एकीकडे ही मोडामोड, आणि दुसरीकडे त्याच आठवड्यात गावातील घरोघर साठवणुकीची धांदल. गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, रीत मात्र आपल्या कोकणातलीच. पावसाचे चार महिने घराबाहेर पडणे कठीण, १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. तेव्हा सुके बांगडे, सुंगटे, सोले, मिरच्या, चिंच, कांद्याच्या वेण्या, उकडे तांदूळ, सरपण हे सगळे मे महिन्यातच घरात आले पाहिजे. मडगावला तर या निमित्ताने मोठी फेरी भरते. ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्या घरच्या ओसरीवर सोलांची रास वाळत पडली होती, आणि अंगणापलीकडच्या चाळवजा खोल्यांपुढे कामगारांच्या पत्र्याच्या ट्रंका ओळीने लावलेल्या होत्या. एका अंगणात कोणी चार महिने येथे राहण्याची तयारी करीत होते आणि कोणी चार महिने येथून जाण्याची. ते पाहत आम्ही सकाळचा चहा घेत असू.

घरमालकीणबाई साठीच्या घरातल्या. यजमानांची पूर्वी होडी होती; आता डॉल्फिन दाखविण्याच्या फेऱ्यांत ती फिरते, दुसऱ्याच्या हाती. बाई मराठी चांगले वाचतात, कारण त्यांची शाळा मराठी होती. बोलतात मात्र कोंकणी, आणि आमच्याशी बोलताना दोहोंची सरमिसळ. आम्हां दोघांस त्या 'भाऊ-वैनी' म्हणू लागल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मनातले सांगू लागल्या.

"हांव तुमकां खरें सांगता, वैनी," त्या म्हणाल्या, "ही माणसे वायट न्हय. पूण आमच्या गावात आता आमीच पाहुणे जालांव."

त्यांच्या तक्रारी ऐकून घेण्याजोग्या होत्या. विहिरीचे पाणी मार्चअखेरीस तळाला जाते, पूर्वी जात नसे. झोपड्यांच्या शौचकुपांतून झिरपलेले पाणी कोठे जाते हे पुसावयास कोणी तयार नाही. चार माणसांच्या खोलीत दहा राहतात. रात्री दोन वाजता काम सुटते, मग ती मुले गाणी लावतात, जेवण रांधतात, मोठ्याने बोलतात. त्यांचा दिवस तेव्हाच संपतो हे खरे, पण बाईंचा पहाटे पाचला सुरू होतो. भाडी वाढली म्हणून गावातल्याच एखाद्या नव्या संसाराला खोली मिळत नाही. देवळाच्या वाटेवर बाटल्या पडतात. त्या पर्यटकांच्या की कामगारांच्या, हे बाईंना ठाऊक असते, तरी शब्द कामगारांना लागतो.

यासाठी गोव्यात एक शब्दच आहे: भायले. बाहेरचे. त्याहून कडवट शब्द 'घांटी'. घाटावरून उतरलेला तो घांटी. मग तो कानडी बोलो की मराठी. खानापूर, चंदगड, बेळगाव या भागांतून गवंडीकामाला, भाजी-दूध घेऊन, हॉटेलांत भांडी घासावयास गोव्यात गेलेली आमची माणसे काही थोडीथोडकी नाहीत, आणि हा शब्द त्यांनीही ऐकलेला आहे. तेव्हा बाईंनी तो शब्द सहज उच्चारला, मग आमच्याकडे पाहिले, आणि "तुमकां न्हय हां!" असे घाईने जोडले, तेव्हा आम्हांस हसू आले. आम्ही घाटावरचेच, फक्त भाडे रोजचे देणारे.

पण बाईंच्या अंगणातील हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या सहा खोल्यांचे भाडे ही घरातील सर्वांत भरवशाची मिळकत होती. किनाऱ्यालगतची वडिलार्जित पट्टी त्यांच्या दिरांनी झोपड्यांसाठी बाहेरच्या एका व्यावसायिकास हंगामाच्या कराराने दिलेली. असे पाळोळ्यातच नव्हे, कळंगुटपासून आगोंदपर्यंत सर्वत्र आहे. सरकारी किनाऱ्यावरील शॅकचे परवाने गोमंतकीयांस मिळतात, ते दुसऱ्यास चालवावयास देण्याची बंदी आहे, आणि तरीही किती शॅकमध्ये परवानाधारक स्वतः गल्ल्यावर बसलेला दिसतो हे पाहणाऱ्याने पाहावे. बसून मिळणारे भाडे गोड असते. भाडे घेणाऱ्याने भाडेकरूंच्या गर्दीविषयी कुरकुर करणे यात तर्क नसेल, पण मनुष्यस्वभाव आहे. बेळगावात महाविद्यालयांच्या आसपास ज्यांची घरे आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

बाईंचा मुलगा घरी नव्हता. तो प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात आहे. नऊ महिन्यांचा करार, मग दोन-तीन महिने घरी, मग पुन्हा करार. रात्री कधी त्याचा चेहरा मोबाइलवर उगवतो, पाठीमागे एकावर एक असे दोन बिछाने, अरुंद कोंदट खोली. "चार जण एका खोलयेंत," बाई आम्हांस सांगत होत्या, "आणि चवदा-चवदा वरां काम. त्या गोऱ्यांक कितें पडलां?" बाहेर सहा खोल्यांत कामगारांची झोप चालली होती.

गोमंतकीयास परगावी हंगामी राबणे नवे नाही. बोटींवर खलाशी, आचारी, वाजंत्री म्हणून गेलेल्या गोमंतकीयांच्या 'कूड' नावाच्या वसतिगृहांनी मुंबईचा धोबीतलाव भरून गेलेला होता. गावागावाची वेगळी कूड. बोट मिळेपर्यंत तेथे राहावयाचे, ट्रंक ठेवावयाची, गावच्या सणाला गावासारखी प्रार्थना करावयाची. मुंबईच्या मूळ रहिवाशांनी या पाहुण्यांस काय म्हटले असेल ते गोव्यात कोणी आठवीत नाही. आठवण्याचे कारणही नाही. जो जातो तो आपली ट्रंक आठवतो, आणि जो राहतो तो आपली विहीर.

पाळोळे हे असे गर्दीचे ठिकाण फार जुने नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्यानंतरच्या दशकात परदेशी भटके हणजुणे-कळंगुटकडे आले. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुलाचे प्रमुख विश्रांतीस गोव्यात आले आणि जगाच्या वर्तमानपत्रांत गोव्याचा किनारा झळकला. त्यापाठोपाठ युरोपातून थेट विमाने येऊ लागली. या सगळ्याचा ओघ उत्तरेकडे होता. काणकोण आपल्या घाटामागे निवांत होते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, काणकोणला स्थानक आले, आणि उत्तरेची गर्दी नको म्हणून शांतता शोधणारे लोक दक्षिणेस येऊन येथे गर्दी करू लागले. २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा राज्याच्या पोटापाण्याचा आणखी भार किनाऱ्यावर आला. होडीपेक्षा झोपडी किफायतशीर ठरू लागल्यावर होडी ठेवण्याच्या जागी झोपडी आली, यात नवल ते काय? नवल हे की झोपडीत काम करावयास त्या घरातील मुलगा राहिला नाही. तो जहाजावर गेला, आणि त्याच्या जागी बागलकोटचा मुलगा आला.

हा बागलकोटचा मुलगा, म्हणजे आता पस्तिशीचा गृहस्थ, सहा खोल्यांपैकी शेवटच्या खोलीत बायको व मुलीसह राहत होता. बाकीच्या खोल्यांतून सडे तरुण. संसार थाटलेला हा एकच. प्रथम लमाणी तांड्यातील नातलगांबरोबर किनाऱ्यावर माळा-कंगण्या विकण्यास आला, मग भांडी घासली, मग स्वयंपाक शिकला. पाश्चात्त्यांचे पदार्थ, रशियनांचे सूप आणि गोव्याची हुमण हे सर्व त्याच्या हातचे. आम्ही बेळगावचे हे कळताच तो कानडीत बोलू लागला, आणि 'सर'चे 'अण्णा' झाले. घरी लमाणी, बाजारात कानडी, मालकाशी हिंदी, बाईंशी कोंकणी, आणि गिऱ्हाइकाशी पाच-पंचवीस शब्दांचे इंग्रजी व रशियन: एवढ्या भाषांचा धनी असलेला हा मनुष्य अक्षरओळखीपुरताच शिकला होता. मुलीने शिकावे याचा मात्र त्याला ध्यास.

मुलगी गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत. शाळा मराठी माध्यमाची! आम्ही तिला पुस्तक वाचावयास सांगितले, तर तिने न अडखळता दोन पाने वाचून दाखविली, 'ण' आणि 'न' यांचा भेद राखून. आमच्या नातवंडांना तो अद्याप राखता येत नाही. गोव्यातील खेडोपाडीच्या अशा कित्येक शाळा आज स्थलांतरितांच्या मुलांवर चालल्या आहेत. गावातील पालक आपली मुले इंग्रजीकडे नेतात. २०११ पासून तेथे प्राथमिक स्तरावरही इंग्रजी माध्यमास अनुदानाचे दार उघडले, तेव्हापासून तर अधिकच. पटावर मुले नसली की शाळा बंद होणार. ती चालू ठेवली आहे ती तांड्यावरच्या, झारखंडच्या, नेपाळच्या मुलांनी. लमाणी बोलणारी, कर्नाटकातली मुलगी गोव्यात राहून मराठी शाळेचा पट राखते आहे, ही गोष्ट आम्ही बेळगावास परतल्यावर चौघांना सांगितली. दोघांस ती विनोदी वाटली. मराठी शाळांसाठी उभा जन्म घालविलेले आमचे एक वयोवृद्ध स्नेही मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत.

याच मुलीवरून त्या अंगणात त्या आठवड्यात कुरबूर चालली होती, आणि दोन्ही बाजू आमच्याकडे आळीपाळीने येत होत्या. दरवर्षी मेअखेर हे कुटुंब गावी जाई. जूनमध्ये गोव्यातील शाळा सुरू होई, आणि मुलगी वर्गात येई ती थेट ऑक्टोबरात. दोन वर्षे असे झाले. शिक्षिका चांगली म्हणून निभावले. आता चौथी. यंदा मुलीने व तिच्या आईने पावसाळाभर येथेच राहावे, आपण एकट्याने मनालीकडे एका हॉटेलात चार महिने काढावेत, अशी त्याची योजना होती. गोव्यातील अनेक स्वयंपाकी व वाढपी असेच दोन हंगाम जोडतात: हिवाळा समुद्राकाठी, उन्हाळा-पावसाळा हिमाचलात नाहीतर लडाखात. त्याने बाईंस विचारले: पावसाळ्यात खोली रिकामीच असते, निम्म्या भाड्याने ठेवू द्याल का?

बाई 'नाही' म्हणाल्या नाहीत, 'होय'ही म्हणाल्या नाहीत. आम्हांस म्हणाल्या, "भाऊ, खोलीचे कांय ना. पूण बारा म्हयने एकाच घरात रावलो काय तो भाडेकार उरना."

या एका वाक्याच्या मागे गोव्याचा मोठा इतिहास उभा आहे, आणि तो बाईंच्या स्वतःच्या घराचाही आहे. भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर बांधून राहणारा तो मुंडकार. भाटकाराने 'ऊठ' म्हटले की उठावयाचे. बाईंचे सासरे असेच एका भाटकाराचे मुंडकार होते. त्याच्या माडांखाली राहावयाचे आणि त्याच्या मर्जीने. १९७५ साली मुंडकारांस घराबाहेर काढण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, घर व त्याभोवतीची थोडी जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला, आणि हे अंगण या कुटुंबाचे झाले. येथे चिकटून राहिल्यानेच येथले झालो, हे बाई विसरलेल्या नाहीत. म्हणूनच दुसरा कोणी चिकटून राहील ही त्यांची धास्ती. पाळोळ्यात काय, साऱ्या गोव्यात भाडेकरूंशी अकरा महिन्यांचा करार आणि मध्ये खोली रिकामी करून घेणे, हा शिरस्ताच आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावयाची, आधार कार्डाची प्रत घ्यावयाची, आणि पावसाळ्यापूर्वी कुलूप लावावयाचे.

गोव्याचा कोण आणि बाहेरचा कोण, हा प्रश्न आता अंगणापुरता राहिलेला नाही. आईबाप वा आजेआजी मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेले असावेत, तोच मूळ गोमंतकीय, अशी व्याख्या कायद्यात यावी म्हणून एक पक्ष उभा राहिला आणि २०२२ च्या निवडणुकीत त्याचा एक आमदार विधानसभेत गेला. एवढ्या चिमुकल्या राज्यात, जेथे जमीन थोडी आणि बाहेरून येणारा पैसा अफाट, तेथे ही भीती पोकळ आहे असे आम्हांस वाटत नाही. दिल्ली-मुंबईचे धनिक डोंगर विकत घेतात त्याचा राग मोठा आहे आणि खरा आहे. पण डोंगर विकत घेणारा दिसत नाही, भेटत नाही. पाण्याच्या नळावर रांगेत उभा असलेला दिसतो तो वाढपी. राग त्याच्यावर निघतो. आम्हां सीमाभागातील मंडळींस तारखेने ठरविलेले आपले-परके काही अपरिचित नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री आमच्या घराची भिंत जागची हलली नाही, राज्य मात्र बदलले. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील वाचकांचे पूर्वज तर फौजेबरोबर आणि दप्तराबरोबर गेले. तेही कधी काळी हंगामीच होते, मोहीम संपली की परतणारे. कोणत्या पावसाळ्यात ते परतले नाहीत, याची नोंद घराण्यांच्या बखरींत सापडत नाही.

कायद्याची मदत या वाढप्या-स्वयंपाक्यांस फारशी नव्हती. परराज्यातील कामगारांसाठी केंद्राने १९७९ साली कायदा केला. पण तो मुख्यतः कंत्राटदाराने आणलेल्या, पाच वा अधिक असलेल्या कामगारांसाठी. येथे येणारा मनुष्य मावसभावाच्या शब्दावर, रेल्वेच्या साध्या डब्यातून येतो. तो कोणी 'आणलेला' नसतो. २०२० च्या नव्या संहितेत तो जुना कायदा विलीन झाला, पण मावसभावाचा शब्द अजून तोच आहे. एक सोय मात्र खरोखर झाली: १ जानेवारी २०२० पासून गोवा व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील शिधापत्रिका परस्परांच्या दुकानांतून चालण्याची व्यवस्था सुरू झाली. बागलकोटच्या या गृहस्थाने ती वापरून पाहिली होती. दुकानदाराने दोनदा परत पाठविले, तिसऱ्यांदा तांदूळ मिळाले.

त्याच २०२० चा मार्च दोघांच्याही बोलण्यात येत असे, आणि दोघे तो वेगवेगळा सांगत. हंगाम भरात असताना एका रात्रीत सगळे बंद झाले. गावच्या तोंडाशी माडाचे ओंडके आडवे टाकून वाट अडविली गेली. 'भायल्यांनी' आत येऊ नये. जे आत होते त्यांचे काय? झोपड्यांचे व्यवस्थापक आपापल्या गाडीने निघून गेले, पगार राहिले. बाईंच्या खोल्यांत तेव्हा नऊ जण होते. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या, हिमाचलातील ऊना व जम्मूकडील उधमपूरपर्यंत गेल्या, पण तोपर्यंतचे दीड-पावणेदोन महिने? बाईंनी पुरुमेंतासाठी आणलेल्या उकड्या तांदळाचे एक पोते फोडले. हे त्यांनी आम्हांस सांगितले नाही, स्वयंपाक्याने सांगितले. बाईंनी सांगितले ते हे की त्या नऊ जणांनी विहीर उपसून, गाळ काढून दिला, आणि त्या वर्षी पाणी मे अखेरपर्यंत पुरले. वाट अडविण्यासाठी ओंडका ओढणाऱ्यांत बाईंचे दीरही होते, हे दोघांनी सांगितले.

आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी ३१ मे होती. किनारा रिकामा झाला होता. इतका रिकामा, की उतरत्या उन्हात अर्धचंद्राची सारी कड एका नजरेत दिसावी. हंगामात ती कधी दिसत नाही. वाळूवर गावातील मुले फुटबॉल खेळत होती, बायका सहज फिरावयास आल्या होत्या, म्हातारे होडीच्या काठावर बसून आभाळ पाहत होते. आठ महिन्यांनी त्यांना आपला किनारा परत मिळाला होता. बाईही आमच्यासोबत आल्या. चप्पल हातात घेऊन पाण्याच्या कडेने चालताना म्हणाल्या, "ते वतात, आमी हांगाच उरतात." त्या वाक्यात समाधान किती आणि उदासी किती, ते आम्हांस उकलले नाही. वाटेत बंद दुकानांची रांग लागली. काश्मिरी गालिचेवाल्याने फळ्या ठोकून घेतल्या होत्या, औषधाचे दुकान तेवढे उघडे. दर हंगामाच्या अखेरीस उधारी किती बुडते याचा हिशेब बाईंना तोंडपाठ होता, आणि कोणी नेपाळहून मनिऑर्डर करून उधारी फेडली होती तेही.

खोलीचा निर्णय आम्ही असेपर्यंत झाला नाही. स्वयंपाकी दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच स्थानकावर गेला; ट्रंक व बायको-मुलगी मागे ठेवून. बाईंनी त्याला थांबविले नाही आणि कुलूपही काढले नाही. आम्ही सोलांची पिशवी घेऊन अनमोड घाटाच्या वाटेने घरी आलो. त्या वर्षी पाऊस लांबला, गोव्यात तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचला.

जुलैत बाईंचा फोन आला. तक्रारीच फार. पाऊस लागून आहे, वीज दोन दिवस नाही, मुलाच्या जहाजाचा करार वाढला. स्वयंपाक्याची बायको धुणे विहिरीच्या काठावर धुते, सांगितले तरी ऐकत नाही. मुलगी शाळेतून परस्पर स्वयंपाकघरातच येते, आणि बाईंच्या ताटातले सुके बांगडे तिला फार आवडतात, पुरुमेंत पुरणार कसे? छपराची कौले सरकली होती. यजमानांच्याने आता वर चढवत नाही, तेव्हा बायकोच्या भावाला कुंकळ्ळीहून बोलावून ती बसवून घेतली, आणि त्याने पैसे घेतले नाहीत, हेही बाईंना पसंत पडलेले नव्हते. भाडे निम्मे ठरले की पूर्ण, असे आम्ही विचारले. ते मनालीवाला आल्यावर बघू, असे त्या म्हणाल्या, आणि मुलीला चौथीच्या पुस्तकातील एक शब्द अडला होता, त्याचा अर्थ विचारावयास त्यांनी फोन तिच्या हाती दिला.